सरावासाठी खुकुरी निवडताना

पशुपतिनाथ-मुक्तिनाथची यात्रा करून आलेल्या अनेक मराठी घरांत शोकेसमध्ये किंवा भिंतीवर एक खुकुरी, म्हणजे नेपाळी वाकडा सुरा, दिसते. काठमांडूच्या थामेल भागात नाहीतर पोखऱ्यात घेतलेली, आरशासारखी चकचकीत, मुठीला सिंहाचे तोंड किंवा पितळी नक्षी. युद्धकलेची ओढ लागलेले बरेच तरुण पहिल्यांदा हीच खाली काढून फिरवू लागतात. तसे करू नका. शोभेच्या खुकुरीच्या पात्याला बहुतेक वेळा नीट पाणी दिलेले (तापवून, पाण्याने थंड करून कडक केलेले) नसते आणि मूठ जेमतेम चिकटवलेली असते. जोरात फिरवली तर पाते मुठीतून निसटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकते. ती भिंतीवरच राहू द्या आणि सरावासाठी वेगळी निवड करा.

ही निवड वजन, तोल आणि मूठ या तीन गोष्टींवर करायची. पात्याचा रुबाब, नक्षी, गावाचे नाव, दुकानदाराने सांगितलेली शौर्यकथा, हे सगळे त्यानंतर. आणि धारेची खुकुरी ही तुमची पहिली खरेदी नसावी.

आधी हत्यार समजून घ्या

नेपाळच्या डोंगराळ गावांत खुकुरी हे सर्वात आधी घरचे अवजार आहे. लाकूड फोडणे, बांबू तासणे, झुडपे साफ करणे, मांस कापणे ही सगळी कामे तिच्यानेच होतात. दशैंत, म्हणजे नेपाळी दसऱ्यात, बोकड कापायलाही तीच लागते. ‘म्यानातून काढली की रक्त पाजल्याशिवाय परत ठेवत नाहीत’ ही गोष्ट आपल्याकडे फार पसरली आहे. तिच्यात तथ्य नाही. तसे असते तर रोजचे सरपण कोणी फोडले असते?

हे सैनिकांचे हत्यार आहे, हेही तितकेच खरे. 1814 ते 1816 च्या इंग्रज-नेपाळ युद्धात इंग्रजांनी गोरखा सैनिकांची लढाई पाहिली आणि त्यांना आपल्या फौजेत घेतले. आज भारतीय सेनेत सात गोरखा रेजिमेंट आहेत आणि खुकुरी त्यांची खूण आहे. 1945 साली ब्रह्मदेशात गोरखा सैनिक भानुभक्त गुरुंग यांनी शत्रूच्या बंकरमध्ये शिरून खुकुरीने लढाई केली आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश सेनेतल्या गोरखा शिपायाला आजही दोन खुकुऱ्या मिळतात, एक संचलनासाठी आणि दुसरी कामासाठी. ज्यांचे आयुष्य या हत्यारासोबत जाते तेही एकाच खुकुरीवर सगळे भागवत नाहीत, मग आपण तरी का भागवावे?

अवजार म्हणून घडलेल्या या रूपाचा सरावाशी थेट संबंध आहे. खुकुरीचे पाते मुठीपासून थोडे सरळ जाते आणि मग पुढे, धारेच्या बाजूला वाकते. वाकल्यानंतर ते रुंद होते. या फुगीर भागाला पोट म्हणतात. वजन तिथे गोळा झालेले असल्यामुळे घाव घालताना पाते स्वतःच पुढे ओढते. कोयता चालवलेल्या माणसाला ही ओढ हाताला ओळखीची वाटेल. वाकामुळे दुसरी गोष्ट अशी होते की मनगट सरळ असतानाच धार लक्ष्याला तिरकी लागते, म्हणजे नुसते आपटणे न होता कापत जाणे होते. याच वाकामुळे टोक मात्र हाताच्या रेषेच्या खाली राहते. म्हणून सरळ सुऱ्याने भोसकायची सवय असलेल्याचा वार खुकुरीने हमखास खाली जातो. मनगट किंचित उचलून टोक रेषेत आणावे लागते आणि हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

मर्दानी खेळात पट्टा फिरवलेल्यांना एक इशारा. पट्ट्याचे सलग, मोठे, अंगाभोवतीचे फेरे खुकुरीला मानवत नाहीत. पाते आखूड आहे, वजन पुढे आहे, आणि फेरा पूर्ण करायच्या नादात ते तुमच्याच गुडघ्याकडे येते. पायांच्या हालचाली, नजर, अंतराचा अंदाज हे सगळे तिथून घेऊन या. हाताचे फेरे मात्र नव्याने शिका.

पहिली पायरी: शिक्षक आणि सरावाचा प्रकार ठरवा

तुम्ही काय करणार आहात, त्यावर निवड ठरते. काही जण एकट्याने ठरलेल्या हालचालींचा सराव करतात. काही अर्निस किंवा काली या फिलिपिनी युद्धकला शिकतात आणि तिथल्या वाकड्या पात्यांच्या जागी खुकुरी वापरतात. काहींना जोडीदाराबरोबर वार-बचाव करायचा असतो, तर काहींना फक्त कापण्याचा सराव करायचा असतो. गोरखा पलटणींमध्ये खुकुरीचे शिक्षण आणि खुकुरी नाच दोन्ही असतात. जवळपास निवृत्त गोरखा जवान शिकवत असेल, तर त्यांच्याकडे जाऊन आधी काही दिवस नुसते पाहा.

शिक्षक जे माप सांगेल ते माझ्या सांगण्यापेक्षा वरचे समजा. एकाच वर्गात सगळ्यांची सरावाची पाती साधारण एकाच लांबीची असली तर अंतराचा अंदाज सगळ्यांचा सारखा बसतो आणि बोटे वाचतात.

दुसरी पायरी: लाकूड, मग बोथट धातू

पहिली खुकुरी लाकडाची घ्या, किंवा करून घ्या. हे अवघड नाही. जी खुकुरी पुढे घ्यायची आहे तिच्या मापाची आकृती पुठ्ठ्यावर काढा आणि सुताराला द्या. शिसव, बाभूळ किंवा सागाच्या जड भागातून तो कापून देईल. फळी साधारण दोन सेंटिमीटर जाडीची ठेवा, म्हणजे मूठ हातात भरते. पात्याच्या कडा गोल करून घ्या, टोक बोथट ठेवा, आणि लाकडाचे रेषे पात्याच्या लांबीने जातील असे पाहा. रेषे आडवे आले तर पहिल्याच टक्करीत वाकापाशी तुकडा पडेल. आतून पोकळ गाठ असलेले लाकूड नको. तेल पाजून ठेवा, आणि दर आठवड्याला चिरा पडल्यात का ते हात फिरवून बघा. कुसळ निघाले तर लगेच घासून टाका.

लाकडाची अडचण वजनाची आहे. पोलादाच्या मानाने ते फारच हलके असते, त्यामुळे वेग खोटा वाटतो. बोथट ऍल्युमिनियमची खुकुरी घेतली तरी त्याच आकारात ती पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाची भरते. म्हणून धातूच्या बोथट खुकुरीचे पाते थोडे जाड असले तर चांगलेच. कडक प्लास्टिकच्या सरावी खुकुऱ्याही मिळतात. त्या टिकाऊ असतात आणि जोडीच्या सरावाला योग्य असतात, पण त्यांनाही कमी समजू नका. कडक प्लास्टिकचे टोक डोळ्याला लागले तर डोळा जातो. जोडीने सराव करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा किंवा जाळीचा मुखवटा आणि हातात जाड मोजे घालायचेच, हत्यार कशाचेही असो. रबराची खुकुरी मऊ असल्याने नवख्यांना सुरक्षित वाटते, मात्र ती वाकते आणि बचाव करताना काहीच शिकवत नाही. लहान मुलांच्या वर्गापुरती ती ठीक.

शिक्षकांनी ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत लाकूड आणि बोथट धातू यावरच राहा. घाई करणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत. त्यांचे हात वेगवान होतात, पण पाते नेमके कुठे आहे याचे भान येत नाही, आणि धारेच्या खुकुरीला तेच भान सगळ्यात जास्त लागते.

तिसरी पायरी: घाट ओळखा

दुकानात नावे पुष्कळ ऐकू येतात. सरावासाठी खरोखर महत्त्वाचा फरक रुंद आणि सडपातळ एवढाच आहे.

सिरुपाते हा सडपातळ घाट. सिरु नावाच्या गवताच्या पात्यावरून याला नाव पडले. पाते लांबट, पोट फार फुगलेले नाही, पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्धची बाजू, त्या मानाने पातळ. वजन कमी, थांबवायला आणि दिशा बदलायला सोपी. युद्धकलेच्या सरावाला मी पहिली पसंती यालाच देईन. चित्लाङेही साधारण याच बाजूचा.

भोजपुरे हा पूर्व नेपाळच्या भोजपूर जिल्ह्याच्या नावाचा घाट. रुंद, जाड, दणकट. झाड तोडायला उत्तम. हातात घेतली की फार आवडते, आणि म्हणूनच नवखा माणूस हीच उचलतो. पण शंभर वेळा फिरवून पाहा. खांदा भरून येतो, शेवटचे वार ढिले पडतात, आणि ढिल्या वारातच इजा होते. बुढुने याहूनही रुंद. तो सरावासाठी नकोच.

अँगखोला या घाटात पात्याला पाठीच्या बाजूने खोलगट पन्हळ असते, त्यामुळे जाड पातेही थोडे हलके होते. मधला मार्ग हवा असणाऱ्याने हा बघावा. चिर्रा म्हणजे पात्यावर अनेक पन्हळी असलेला प्रकार. दिसायला सुंदर, वजनालाही हलका, मात्र पन्हळी खूप खोल घेतल्या असतील तर मधले पोलाद किती उरले ते विचारा.

फौजी घाट साधा असतो. पाते सुमारे साडेदहा इंच, नक्षी नाही. ज्यांना काहीच ठरवता येत नाही त्यांनी हा घ्यावा. कोथीमोरा मात्र घेऊ नका. त्याच्या म्यानावर चांदीचे काम असते, तो मानाने भेट द्यायचा असतो, आणि त्याच्यावर घाम, धूळ, ओरखडे आणणे बरे नाही.

चौथी पायरी: वजन आणि तोल

इथे वेळ घाला. नेपाळमधली सर्वसाधारण खुकुरी एकूण 40 ते 45 सेंटिमीटर लांब आणि 450 ते 900 ग्रॅम वजनाची असते. सरावासाठी या पल्ल्याच्या खालच्या टोकाकडे राहा. 450 ते 600 ग्रॅमची खुकुरी बहुतेक प्रौढांना पुरते. हाताची ताकद दांडगी असली तरी पहिली खुकुरी 700 च्या वर नको. ताकद वार सुरू करायला पुरते, पण तो अर्ध्यावर थांबवताना मनगट आणि कोपर यांवर जो झटका बसतो त्याला ताकद हे उत्तर नाही. कोपराच्या बाहेरच्या बाजूला सुरू झालेले दुखणे महिनोन्महिने जात नाही.

नुसत्या वजनाचा आकडा फसवतो, म्हणून तोल पाहा. खुकुरी आडवी धरून पात्याखाली एक बोट द्या आणि ती जिथे समतोल राहते ती जागा शोधा. मुठीच्या पुढच्या कड्यापासून ही जागा जितकी लांब, तितकी खुकुरी टोकाकडे जड. कापण्याच्या कामाला लांबचा तोल चांगला. सरावाला जवळचा. सडपातळ घाटाची तोलजागा कड्यापासून दोन-तीन बोटांवर आली तर समाधान माना. हाताच्या रुंदीएवढी पुढे गेली तर ती खुकुरी परत ठेवा.

मग हातात धरून एक साधी परीक्षा करा. दुकानात मोकळी जागा मागा, आजूबाजूला कोणी नाही ना ते बघा. हात पूर्ण लांब न करता खुकुरी समोर धरा आणि मनगटातून टोकाने हवेत सावकाश आडवा आठचा आकडा काढा. दहा-बारा आकड्यांनंतर टोक खाली लोंबू लागले किंवा मूठ घट्ट आवळावी लागली, तर ती तुमच्यासाठी जड आहे. नंतर खांद्यापासून तिरका वार अर्ध्या वेगाने घाला आणि कमरेच्या उंचीवर थांबवा. जिथे ठरवले तिथेच थांबली पाहिजे. दुकानदार हसेल, हसू द्या. ऑनलाइन घेताना ही परीक्षा करता येत नाही, म्हणून विक्रेत्याला एकूण वजन, पात्याची लांबी, पाठीची मुठीजवळची जाडी आणि तोलजागा या चार गोष्टी लिहून मागा. जो मोजून सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

पाठीची जाडी मुठीजवळ 6 ते 8 मिलिमीटर असली तर सरावाला पुरते. दहाच्या वरची पाठ कुऱ्हाडीच्या कामाची. आणि ही जाडी टोकाकडे कमी होत गेली पाहिजे. स्वस्त पात्यात ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असते. असे पाते पट्टीतून नुसते कापून काढलेले असते, घडवलेले नसते.

पाचवी पायरी: मूठ

पारंपरिक नेपाळी मूठ आखूड आणि बारीक असते. मधोमध एक उंच वलय असते आणि शेवट पसरट असतो. वलय बोटांच्या मधे बसते, पसरट शेवट करंगळीखाली अडतो, आणि घाव घालताना खुकुरी हातातून निसटत नाही. मात्र तळवा मोठा असेल तर हेच वलय बोटाच्या सांध्याखाली येते आणि तासाभरात तिथे फोड येतो. आपला तळवा तर्जनीपासून करंगळीपर्यंत मोजा. मुठीची मोकळी लांबी त्याहून किमान एक सेंटिमीटर जास्त हवी. मोठा हात असलेल्यांनी वलय नसलेली किंवा अगदी बसके वलय असलेली मूठ मागावी. कारागीर तशी करून देतात.

पाते मुठीत कसे बसवले आहे ते विचारा. जुन्या पद्धतीत पात्याची निमुळती शेपटी मुठीत शिरते, लाखेसारख्या डिंकाने पक्की होते आणि चांगल्या खुकुरीत ती मुठीच्या आरपार जाऊन मागच्या पितळी टोपीवर ठोकून बंद केलेली असते. हे टोक डोळ्याला दिसते. ते दिसत असेल तर ही पद्धत सरावाला पूर्ण विश्वासाची आहे. शेपटी अर्ध्यातच संपत असेल तर नको. दुसऱ्या पद्धतीत पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीने मागपर्यंत जाते आणि दोन्ही बाजूंना लाकडाचे किंवा शिंगाचे काप रिव्हेटने बसवतात. हिला चिरुवा मूठ म्हणतात. भक्कम असते, वजन थोडे मागे येते, म्हणजे तोलही सुधारतो. दोष एवढाच की घाव घातल्याचा हादरा हाताला जास्त जाणवतो, आणि उन्हा-पावसात लाकूड आकसले की पोलादाची कड तळव्याला टोचू लागते.

शिंग की लाकूड? म्हशीच्या शिंगाची काळी मूठ देखणी असते, पण घामेजल्या हातात गुळगुळीत होते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला चिरा पडू शकतात, आणि शिंगाला किडेही लागतात. सरावासाठी शिसवाची मूठ घ्या. नेपाळात तिला सिसौ म्हणतात. फार चकचकीत पॉलिश असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून काढा. पकड लगेच सुधारते.

सहावी पायरी: पोलाद पारखा

नेपाळमध्ये पाती बहुतेक वेळा ट्रक आणि जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांतून घडवतात. यात कमीपणा काही नाही. स्प्रिंगचे पोलाद चिवट असते, लवते, सहसा तुटत नाही, आणि घाव घालणाऱ्या पात्याला हेच गुण हवेत. घडवणारे कामी, म्हणजे विश्वकर्मा समाजातले लोहार. त्यांचे पाणी देण्याचे कसब पाहण्यासारखे असते. तापलेले पाते पाण्यात बुडवत नाहीत. किटलीच्या तोटीतून धारेवर, पोटापाशी, बेताने पाणी ओततात. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ, चिवट राहते. कडक धार टिकते, मऊ पाठ धक्का खाते.

याची खात्री कानशीने होते. विक्रेत्याची परवानगी घ्या आणि बारीक कानस पोटापाशी धारेवर हलकी फिरवा. ती घसरली पाहिजे. पाठीवर तीच कानस थोडी धरली पाहिजे. धारेवरही कानस रुतत असेल तर पाण्यात कसूर आहे. धार आणि पाठ दोन्हींवर काचेसारखी घसरत असेल तर पाते सगळेच कडक आहे आणि ते तडकण्याचा धोका आहे.

नंतर पाते डोळ्यासमोर धरून पाठीच्या रेषेने बघा. ती सरळ हवी. मुठीजवळ धारेकडच्या बाजूला जी खाच असते, तिला काउडी म्हणतात. तिच्याबद्दल शिवाच्या त्रिशुळापासून गाईच्या खुरापर्यंत कितीतरी गोष्टी सांगतात. घेणाऱ्याने तिथे फक्त बारीक चीर नाही ना, एवढे बघावे, कारण कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. शेवटी मूठ घट्ट धरून पाते बोटाच्या नखाने वाजवा. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर बरे. बद्द किंवा खडखडणारा आवाज आला तर मूठ आतून सैल आहे.

स्टेनलेसचे चकचकीत पाते सरावाला घेऊ नका. गंज कमी धरते हे खरे, पण या घाटात ते बहुधा शोभेसाठीच बनवलेले असते.

सातवी पायरी: म्यान, आणि खुकुरी काढायची रीत

नवख्यांना सगळ्यात जास्त जखमा वार करताना होत नाहीत. त्या म्यानातून खुकुरी काढताना होतात. पारंपरिक म्यान, नेपाळीत दाप, लाकडाच्या दोन फळ्या जोडून वरून म्हशीचे कातडे चढवून करतात. पाते वाकडे असल्याने काढताना धार म्यानाच्या एका कडेवर घासत येते. वारंवार घासून ती कड कापली जाते आणि एक दिवस धार शिवणीतून बाहेर येते. त्या क्षणी तुमची बोटे त्या कडेवर असतील तर बोटांचा निकाल लागला.

म्हणून रीत अशी. म्यान पाठीच्या बाजूने तळव्यात धरायचे, अंगठा आणि बोटे दोन्ही सपाट बाजूंवर, धारेच्या कडेवर एकही बोट नाही. काढताना पात्याची पाठ म्यानाच्या आतल्या कडेला टेकवून ठेवायची, म्हणजे वजन पाठीवर राहते आणि धार अधांतरी सरकते. सावकाश, वळणाच्या रेषेने. टोक बाहेर आल्याची नजरेने खात्री झाल्यावरच हात बाजूला न्यायचा. परत ठेवतानाही आधी पाठ टेकवायची, मग आत सरकवायची. सिनेमातल्यासारखा झटका कधीच नाही. हा सराव लाकडी खुकुरीला पुठ्ठ्याचे म्यान करून सुरू करता येतो, आणि तसा तो करावाच.

घेताना म्यान उलटे धरून हलवा. खुकुरी आपोआप बाहेर येता कामा नये, आणि काढायला ओढाताणही व्हायला नको. म्यानात दोन छोटी पाती असतात. कर्द छोट्या कापाकापीला, आणि चकमक बोथट असते, धार सरळ करायला. सरावाच्या वेळी दोन्ही काढून घरी ठेवा. उड्या मारताना ती सटकून पायात येतात.

आठवी पायरी: कुठे घ्यावी, आणि कायदा

नेपाळला जाणार असाल तर थामेलच्या पहिल्याच दुकानात थांबू नका. काठमांडूतही कारागिरांचा माल विकणारी चांगली दुकाने आहेत आणि भोजपूर, धरान ही पूर्वेकडची ठिकाणे खुकुरीसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत. आरन, म्हणजे लोहाराची भट्टी, प्रत्यक्ष पाहायला मिळाली तर मापे देऊन करून घ्या. परत येताना विमानाच्या केबिनमध्ये खुकुरी चालत नाही. ती नीट गुंडाळून सामानात द्या, बिल जवळ ठेवा आणि विमान कंपनीला आधी विचारून घ्या.

भारतातला कायदा वाचल्याशिवाय खरेदी करू नका. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांच्या हत्यारांत खुकुरीचे नाव स्पष्ट आहे. घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत, पण युद्धकलेच्या सरावाला ही सूट लागू होईल असे स्वतःच धरून चालू नका. बहुतेक खुकुऱ्या या मापाच्या वर जातात. शिवाय मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात हत्यार घेऊन फिरणे गुन्हा ठरतो. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वकिलाकडे विचारा, आणि धारेची खुकुरी शक्यतो वर्गातच कुलपात ठेवा. लाकडी खुकुरीसुद्धा बसमध्ये, लोकलमध्ये हातात धरून नेऊ नका. दुरून पाहणाऱ्याला ती लाकडाची आहे हे कळत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी तिथले नियम बघावेत. पाते बाळगण्याचे आणि टपालाने मागवण्याचे नियम देशागणिक फार वेगळे आहेत.

नववी पायरी: धारेच्या खुकुरीचे पहिले दिवस

नवी खुकुरी आली की पहिले काही दिवस तिच्या धारेवर जाड चिकटपट्टी लावून सराव करा. वजन खरे, तोल खरा, धार झाकलेली. जोडीदाराबरोबर धारेची खुकुरी कधीच वापरायची नाही, चिकटपट्टी असली तरीही.

कापण्याच्या सरावाला आपल्याकडे केळीचा खुंट सगळ्यात उत्तम. घड काढल्यावर तो टाकूनच देतात, शेतकरी आनंदाने देतो. खुंट जमिनीत पक्का रोवा किंवा जड बैठकीवर बांधा. उभे न राहता गुडघ्यांवर बसून सुरुवात करा. उभ्याने चुकलेला वार पुढे जाऊन नडगीवर येतो, बसल्यावर तो जमिनीत जातो. उभे राहायची वेळ आली की वार ज्या बाजूला संपतो त्या बाजूचा पाय मागे. उजव्या हाताचा वार वरून खाली डावीकडे जात असेल तर डावा पाय मागे, मोकळा हात छातीशी. खुंटावरचा काप पाहा. तो सपाट असेल तर धार नीट लागली. खवले किंवा लाटा दिसल्या तर मनगट वळले. केळीचा चीक पात्याला काळे डाग पाडतो, म्हणून तिथल्या तिथे पुसा.

सुके लाकूड, नारळ, लोखंडी काही, यांवर वार करून खुकुरीची ताकद दाखवू नका. पाते उडाले तर बघे उभे असतात त्याच दिशेला जाते. प्रत्येक सरावाआधी मूठ हलवून पाहणे आणि मागच्या टोपीवरचे ठोकलेले टोक बघणे, हे नेमाने करा. किंचित जरी हलली तरी त्या दिवशी सराव नाही.

देखभाल

हे साधे कार्बन पोलाद आहे, गंज धरणारच. कोकणात, मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत एक रात्र पुरते. सरावानंतर कोरड्या फडक्याने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. बोटांचे ठसेही पुसा, घामातल्या मिठाने आधी तेच गंजतात. खुकुरी म्यानात घालून महिनोन्महिने ठेवू नका. कातडे आणि लाकूड ओल धरतात आणि पाते आतून खराब होते. दीर्घ काळ ठेवायची असेल तर तेल लावून, तेलकट कागदात गुंडाळून, म्यानाशेजारी वेगळी ठेवा आणि महिन्यातून एकदा काढून बघा.

खुकुरीची धार दोन्ही बाजूंनी किंचित फुगीर असते. सपाट दगडावर घासली तर हा फुगवटा जातो आणि धार कमकुवत होते. जुन्या माउस पॅडवर किंवा जाड चामड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवा, आणि पाते पाठीच्या दिशेने मागे ओढत न्या, धारेच्या दिशेने पुढे ढकलू नका. मऊ आधारामुळे कागद पात्याच्या गोलाईला धरून राहतो. पोटाच्या वळणावर कोपर हळूहळू उचलत जा, म्हणजे टोकापर्यंत धार सारखी येते. काउडीपासून पुढचे दोन बोटे अंतर फार धारदार करू नका. तिथे घाव कधीच लागत नाही, आणि पकड पुढे सरकली तर तर्जनी तिथेच येते.